रविवार पेठेतलं दहापट भिंग : आठ महिने वापरल्यावर

गेल्या श्रावणात मी सोन्या मारुती चौकाजवळच्या एका दुकानातून घडीचं भिंग घेतलं. सोनारांची हत्यारं विकणारं दुकान आहे ते. सोनार या भिंगाला लूप म्हणतात. दहापट, २१ मिलिमीटर काचेचं, आत तीन काचा एकमेकींना चिकटवलेल्या, म्हणजे ट्रिप्लेट. किंमत ११५० रुपये. डबीवर कुठल्या कंपनीचं नाव नाही, फक्त ‘१०’ आणि ‘२१’ हे आकडे. मी ते एकाच कामासाठी घेतलं. घरातल्या जुन्या ब्रिटिश पेन्यांमध्ये प्रूफ, म्हणजे टांकसाळीने संग्राहकांसाठी खास पाडलेली, कुठली आणि चलनातली साधी कुठली, हे मला स्वतःच्या डोळ्याने ठरवायचं होतं. त्या कामाला ते कसं उतरलं ते सविस्तर लिहितो, कारण ज्यांच्या घरी असा एखादा डबा पडून आहे त्यांना याचा उपयोग होईल.

डबा अण्णाकाकांचा. वडिलांचे मोठे भाऊ. बोटीवर इंजिनरूममध्ये होते, आणि पन्नासच्या दशकात लंडन, सिडनी, डर्बन असं फिरून यायचे. खिशातली उरलेली मोड घरी आली की बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जायची. एकूण ४३ नाणी, त्यात २६ पेन्या. त्यातल्या १९५१च्या एका पेनीबद्दल काका नेहमी म्हणायचे, “ही खास आहे, ही हरवू नका.” खास म्हणजे काय, ते आम्ही कुणी कधी विचारलं नाही. काका १९८९ मध्ये गेले. मी निवृत्त झाल्यावर डबा पुन्हा उघडला.

मी ३१ वर्षं पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात टूलरूममध्ये डाय, म्हणजे धातू ठोकून घडवायचे साचे, बनवल्या. प्रेस टूल, पंच, डाय, पॉलिशिंग, सगळं हाताखालून गेलेलं. त्यामुळे प्रूफ नाणं कसं बनतं हे वाचलं तेव्हा मला एकदम घरच्यासारखं वाटलं. टांकसाळीत प्रूफसाठी साचा घासून आरशासारखा करतात, नाण्याची कोरी चकतीही निवडून चकचकीत करतात, आणि मग सावकाश, जास्त दाबाने, एकाहून जास्त वेळा ठोकतात. चलनातलं नाणं एका ठोक्यात बाहेर पडतं आणि लगेच पुढचं आत येतं. म्हणजे प्रूफ हा बनवण्याचा प्रकार आहे. नाण्याची आज काय अवस्था आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. प्रूफ नाणं खिशात घालून दहा वर्षं फिरवलं तरी ते झिजलेलं प्रूफ राहतं, आणि साधं नाणं कितीही चमकवलं तरी ते चमकवलेलं साधं नाणं असतं. बाजारात सगळी फसगत इथेच होते. चमक बघून प्रूफ म्हणतात.

माझीही झाली. भिंग घेण्याच्या दोन महिने आधी मी एका नाणे प्रदर्शनात १९३७ची एक पेनी ३८०० रुपयांना घेतली. पाकिटावर ‘प्रूफ’ असं लिहिलेलं होतं. टेबलावर पांढरे झगझगीत एलईडी लावलेले, नाणं नुसतं पेटलेलं दिसत होतं. १९३७ हे सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाचं वर्ष. त्या वर्षी पंधरा नाण्यांचे प्रूफ संच निघाले, सुमारे २६ हजार, आणि त्यात पेनी होती. साध्या पेन्या मात्र त्याच वर्षी कोट्यवधी निघाल्या. विकणाऱ्याचं नाव इथे लिहीत नाही. त्याला स्वतःला तरी माहीत होतं की नाही, कोण जाणे.

पहिलं भिंग मी चुकीचं घेतलं होतं, तेही सांगायला हवं. ऑनलाइन २४० रुपयांना, त्यावर ‘३०पट’ लिहिलेलं, आत दोन छोटे दिवे. मला वाटलं, जितकी पट जास्त तितकं बरं. तसं नसतं. पट वाढली की भिंग आणि नाणं यांच्यातलं अंतर कमी होतं. दहापटीला साधारण अडीच सेंटिमीटर मिळतात, तीसपटीला एक सेंटिमीटरही मिळत नाही. भिंग नाण्याला टेकायला येतं, बाहेरचा उजेड आत जातच नाही, आणि त्याचे स्वतःचे दिवे सरळ वरून पडतात. वरून पडणाऱ्या उजेडात आरसा आणि खरखरीत पत्रा सारखेच पांढरे दिसतात. शिवाय काचेच्या कडेला सगळं वाकडं आणि जांभळ्या-पिवळ्या झालरीचं. महिनाभर मी त्याच्याशी झगडत होतो.

भाच्याने त्याचा यूएसबी मायक्रोस्कोप आणून दिला. फोटो काढून ठेवायला ती चांगली वस्तू आहे, पण प्रूफ ओळखायला नाही. त्याच्या गोल कड्यातले आठ दिवे नाण्यात आठ ठिपके होऊन उमटतात आणि आपण ठिपकेच बघत बसतो.

दुकानातला अनुभव मात्र मनापासून सांगण्यासारखा. दुकान जेमतेम आठ फूट रुंद. कानस, चिमटे, मुशी, वजनं, आणि काउंटरवर एक तरुण मुलगा. मी तीसपट दाखवा म्हटल्यावर त्याने विचारलं, “काका, बघायचं काय आहे? हिरा की हॉलमार्क?” मी म्हटलं, नाणं. त्याने खालून तीन भिंगं काढली आणि एक आलेख कागदाचा तुकडा. “आधी यावर बघा. रेघा कडेपर्यंत सरळ दिसल्या पाहिजेत, आणि रेघेला रंग दिसता कामा नये.” पहिल्या भिंगात चौकोन कडेला फुगले. दुसऱ्यात रेघा सरळ होत्या, पण निळसर सावली दिसली. तिसऱ्यात चौकोन शेवटपर्यंत चौकोनच राहिले. तेच मी घेतलं. मी खिशातून १९३७ची पेनी काढली तर त्याने बाहेर बोट दाखवलं. “ट्यूबखाली बघू नका. उन्हात उभं राहून बघा.” घाई नाही, महागडं गळ्यात मारणं नाही. त्याच्याकडे तीन हजारांचंही एक होतं. त्याने ते काढलंसुद्धा नाही.

आता वापराबद्दल. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं, चश्मा असेल तर चश्म्याला, आणि नाणं हळूहळू वर आणायचं. बरेच लोक भिंग नाण्यावर धरून स्वतः लांबून वाकून बघतात, त्यात अर्ध्याहून कमी दिसतं. दुसरा डोळा उघडा ठेवायचा. पहिले दोन दिवस त्रास होतो, मग सवय लागते. उजेडासाठी मी दिवाणखान्यातली ट्यूब बंद करतो आणि टेबललॅम्पमध्ये एकच पिवळा बल्ब, नाण्याच्या डावीकडून, तिरका. नाणं कडेने धरून बोटांत गोल गोल कलतं करत राहायचं. स्थिर धरलं तर काही कळत नाही. खाली टर्किशचा टॉवेल पसरायचा, पडलं तर कडेला खोक पडू नये म्हणून.

भिंग घेतलं त्या रात्री मी १९३७ची पेनी अशी धरली आणि पाच मिनिटांत उत्तर मिळालं. ते कसं मिळालं हे नीट सांगतो, कारण सगळं मर्म यात आहे.

नाण्यावर अक्षरं वर आलेली असतात आणि मोकळी जागा खाली असते. साच्यावर हे बरोबर उलटं असतं. तिथे अक्षरं खोल कोरलेली आणि मोकळी जागा सगळ्यात वर. साचा पॉलिश करताना मी डायमंड पेस्ट लावून घासतो तेव्हा वरचा सपाट भाग आरसा होतो आणि खोल अक्षरांना पेस्ट लागतही नाही. ‘ओ’ या अक्षराच्या पोटातली जागासुद्धा साच्यावर एक उंच बेट असते, बाकीच्या सपाटीच्या बरोबरीची. तिलाही तेवढंच पॉलिश मिळतं. म्हणून खऱ्या प्रूफ नाण्यावर आरसा अगदी अक्षराच्या पायथ्यापर्यंत जातो, आणि ‘ओ’च्या पोटात, ‘बी’च्या दोन्ही खळ्यांत, नऊच्या गाठीतही तोच आरसा असतो. उलट कुणी तयार नाणं बफिंगच्या चाकावर धरलं, तर चाक आधी उंच अक्षरांवर घासतं, त्यांचे खांदे गोल करतं, मोकळ्या जागेवरून जातं, पण अक्षराच्या पायथ्याच्या कोपऱ्यात आणि ‘ओ’च्या पोटात पोहोचत नाही. ती छोटीशी विहीर असते आणि चाक मोठं असतं.

माझ्या पेनीवर ‘वन पेनी’ या शब्दांतल्या ‘ओ’च्या पोटात तपकिरी, कणीदार, साधा ब्राँझ होता, आणि बाहेर लख्ख चमक. कोपऱ्यांत बफिंगच्या साबणाचा पांढरट मळ बसलेला. शिवाय बारीक समांतर रेघा. त्या रेघा मोकळ्या जागेवरून निघत होत्या, अक्षरावर चढत होत्या आणि पलीकडे तशाच उतरत होत्या. साच्याच्या पॉलिशची रेघ असं करूच शकत नाही. साच्यावर अक्षराच्या जागी खड्डा आहे, रेघ त्या खड्ड्याच्या काठाला थांबते आणि पलीकडच्या काठापासून पुन्हा सुरू होते. आणखी एक खूण अशी की साच्यावर पडलेली रेघ नाण्यावर उठून येते, तर नाण्यावर पडलेली रेघ आत जाते. नाणं फिरवून सावली रेघेच्या कुठल्या बाजूला पडते ते बघितलं की दहापटीत हे स्पष्ट दिसतं. कारखान्यात मालावरची रेघ उठलेली दिसली की आम्ही डाय खोलून बघायचो, आत गेलेली दिसली की माल हाताळणाऱ्याला विचारायचो. इथेही हिशोब तोच.

३८०० रुपये गेले याचं वाईट वाटलं, खूप वाटलं. पण ती पेनी मी परत करायला गेलो नाही. टूलरूममध्ये माल तपासायचे दोन गेज असतात, एक गो, जो बसलाच पाहिजे, आणि एक नो-गो, जो बसता कामा नये. ही पेनी माझी नो-गो झाली. आता कुणी चमकणारं नाणं दाखवलं की आधी ही काढतो, मग ते.

गो गेजही लागतो. त्यासाठी माझा सल्ला, १९७०ची पेनी घ्या. इंग्लंडमध्ये १५ फेब्रुवारी १९७१ ला दशमान पद्धत आली आणि जुनी मोठी पेनी गेली. चलनातल्या पेन्यांवर शेवटचं साल १९६७ आहे. त्याच सालाने त्या पुढेही पाडल्या गेल्या. १९७० हे साल फक्त निरोपाच्या प्रूफ संचातल्या आठ नाण्यांवर आलं. म्हणजे १९७०ची साधी पेनी जगात नाहीच. ती दिसली की प्रूफ, शंका नाही. साडेसात लाखांच्या आसपास संच निघाल्याने महागही नाही. मला सुटी पेनी ३०० रुपयांत मिळाली. ही हातात घेऊन आठवडाभर बघा. पेन्सिलीचं टोक जवळ आणा, प्रतिबिंबात टोक टोकच दिसतं. नो-गोवर तेच टोक पसरट डाग होतं.

कडसुद्धा बघायला शिका. प्रूफला जास्त दाब आणि दुसरा ठोका मिळाल्याने धातू नाण्याभोवती बसणाऱ्या कड्याच्या कोपऱ्यात पूर्ण भरतो. त्यामुळे नाण्याची वरची कड आणि बाजू यांचा काटकोन बोटाला टोचेल इतका धारदार असतो. साध्या पेनीला तिथे थोडी गोलाई असते. पण नवं साधं नाणंही कधी कधी चांगलं भरलेलं असतं, म्हणून एकट्या कडेवर निकाल देऊ नये. वजन आणि व्यास यांचा काही उपयोग नाही. दोन्ही पेन्या साडेनऊ ग्रॅमच्या जवळपास, ३०.८ मिलिमीटर. मी व्हर्नियर आणि काटा दोन्ही घेऊन बसलो होतो, ते कपाटात परत गेले.

साध्या पण कोऱ्या नाण्याची चमक वेगळी असते. ती ओळखायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. हजारो ठोके पडल्यावर साच्याच्या तोंडावर मध्यापासून कडेकडे अगदी बारीक रेघा तयार होतात, कारण दर ठोक्याला धातू बाहेरच्या दिशेने सरकतो. त्या रेघा नाण्यावर उमटतात. नाणं कलतं केलं की उजेडाचे दोन पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे गोल फिरतात. कोऱ्या साध्या नाण्याची ही खरी शोभा आहे, आणि मला ती प्रूफइतकीच आवडते. प्रूफमध्ये असे आरे फिरत नाहीत. तिथे मोकळी जागा एकदम काळी होते किंवा एकदम पेटते, आरसा कलवल्यासारखी.

१९५३ हे साल इथे खरी परीक्षा घेतं. एलिझाबेथच्या राज्याभिषेकाचे प्रूफ संच ४० हजार निघाले, आणि त्याच वर्षी साध्या नाण्यांचे संच प्लास्टिकच्या पाकिटात विकले गेले. त्या सालच्या साध्या पेन्या एकूण १३ लाखांच्या आसपास, आणि बहुतेक अशा संचांतच गेल्या. ताज्या साच्यांनी पाडलेल्या, हाताळलेल्या नाहीत, त्यामुळे आज पाकिटाबाहेर काढलेली अशी पेनी नवख्याला प्रूफच वाटते. माझ्याकडे जुन्या बाजारात रविवारी मिळालेली एक आहे. तिच्यावर आरे फिरतात, अगदी हलके, पण फिरतात. डोळ्याला नुसते दिसले नव्हते, भिंगात दिसले.

डब्यातली १९४५ची पेनी गडद काळपट निघाली, आणि माझ्या मनात पहिल्यांदा आलं की ही काहीतरी वेगळी असणार. वेगळी आहेच, पण प्रूफ नाही. १९४४ ते १९४६ या सालांच्या पेन्या टांकसाळीतच हायपोने काळवंडून बाहेर काढल्या, चकचकीत नव्या पेन्या लोकांनी साठवू नयेत म्हणून. हायपो म्हणजे तेच रसायन, जे फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये असायचं. १९३४ च्या पेन्यांनाही तसंच केलं होतं.

व्हिक्टोरियाच्या आणि तिच्या आधीच्या काळातल्या तांब्याच्या जाड पेन्या, ३४ मिलिमीटरच्या आणि जवळजवळ १९ ग्रॅमच्या, यांचं तंत्र आणखी निराळं. १८३१, १८३९ आणि १८५३ च्या प्रूफ संचांत पेनी मुद्दाम चॉकलेटी रंग देऊन, ब्राँझ्ड करून घातलेली असे. तिथे लख्ख चमक शोधत बसलात तर खरी प्रूफ बाजूला टाकाल. एकसारखा तपकिरी रंग, चाकूने कापल्यासारखी अक्षरं आणि काटकोनी कड, हे बघायचं. १८३९ साल पेनीवर फक्त प्रूफमध्येच येतं. मी अशी एकच पेनी बघितली आहे, एका वृद्ध संग्राहकांच्या घरी, नारायण पेठेत. त्यांनी ती दोन बोटांत धरून माझ्या भिंगाखाली फिरवली, हातात दिली नाही, आणि ते बरोबरच होतं. राणीच्या केसांची एकेक बट सुटी दिसत होती. मी बराच वेळ काही बोललो नाही.

आपल्याकडच्या पाव आण्याबद्दल एक सावधगिरी सांगतो. कलकत्ता आणि मुंबईच्या टांकसाळींनी जुन्या साच्यांवरून संग्राहकांसाठी नंतरच्या काळात पुन्हा नाणी पाडून दिली. त्यांवर आरसा असतो, कड असते, सगळं असतं, फक्त ती त्या सालात पाडलेली नसतात. भिंग ‘प्रूफ’ सांगेल आणि ते खोटं नसेल, पण ‘१८३५चं प्रूफ’ एवढ्यावरून म्हणता येणार नाही.

मुंबई टांकसाळीचं नाव निघालं म्हणून एक आनंदाची गोष्ट सांगतो. डब्यात १९४३ची ऑस्ट्रेलियन पेनी आहे, मागे कांगारू. राजाच्या मानेखाली भिंगात एक इवलासा ‘आय’ दिसला. तो इंडियाचा. युद्धाच्या काळात, १९४२ आणि १९४३ मध्ये, ऑस्ट्रेलियासाठीच्या काही पेन्या मुंबईत पाडल्या गेल्या. म्हणजे हे नाणं फोर्टमधून बोटीने ऑस्ट्रेलियाला गेलं आणि काकांच्या खिशातून पुण्यात परत आलं. नुसत्या डोळ्याने मी ते लहानपणापासून बघत आलो होतो. ‘आय’ आता, ६३व्या वर्षी दिसला. अकराशे रुपये माझ्यासाठी तिथेच वसूल झाले.

भिंगाचे दोष. चौकट क्रोमची चकचकीत आहे, आणि प्रूफ नाणं बघताना तिचंच प्रतिबिंब आरशात येतं. मी त्यावर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली आहे. शक्य असेल तर काळ्या चौकटीचंच मागा, तेच दुकान ठेवतं, हे मला नंतर कळलं. बिजागरीचा स्क्रू तीन महिन्यांत सैल झाला, घड्याळजीच्या स्क्रूड्रायव्हरने घट्ट केला, पुन्हा सैल झाला. आता थेंबभर नेलपॉलिश लावून बसवलाय, टिकलाय. कातडी पाऊच नुसता नावाला आहे, त्याचे तंतू काचेवर बसतात. काच पुसायला चश्म्याचं फडकं वापरा, शर्टाचं टोक नको. आणि एका नजरेत पेनीचा जेमतेम अर्धा भाग मावतो, त्यामुळे दोन बाजूंच्या कडा एकदम ताडून बघता येत नाहीत. त्याला इलाज नाही, दहापटीत एवढंच मिळणार. पुण्याच्या पावसाळ्यात काचांमध्ये बुरशी येईल अशी भीती होती. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवली, आली नाही. नाण्यांनाही तीच पुडी चालते. फक्त नाणी मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत ठेवू नका, तांब्याला त्यातून हिरवा चिकटा सुटतो.

आणि आता १९५१.

ती मी मुद्दाम शेवटी घेतली, हात बसल्यावर. १९५१ मध्ये लंडनला फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन भरलं होतं, आणि त्या निमित्ताने दहा नाण्यांचे वीस हजार प्रूफ संच विकायला होते. त्या सालच्या साध्या पेन्या फक्त एक लाख वीस हजार, आणि त्या बर्म्युडाला गेल्या. म्हणजे त्या वर्षी लंडनच्या गोदीत उतरलेल्या माणसाकडे १९५१ची पेनी आली, तर ती संचातून आलेली असण्याचीच शक्यता जास्त. पण शक्यता म्हणजे निकाल नव्हे.

अडचण अशी की ही पेनी घासलेली आहे. दिवाळीत तांब्याची भांडी निघायची तेव्हा आई डब्यातली नाणीही चिंच आणि राख लावून काथ्याने घासायची. प्रेमानेच घासायची, काकांची वस्तू मळकट राहू नये म्हणून. राजाच्या गालावर आणि मागच्या बाजूला बसलेल्या ब्रिटानियाच्या, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेल्या बाईच्या, गुडघ्यावर काथ्याच्या रेघा आडव्यातिडव्या आहेत, मोकळी जागा मंद झाली आहे. नुसत्या डोळ्याला ही डब्यातली सगळ्यात साधी पेनी दिसते.

तीन संध्याकाळी बघितली. शेजारी गो, नो-गो आणि डब्यातल्याच १९४८ आणि १९४९च्या साध्या पेन्या. १९४८च्या नाण्यावर राजाच्या बिरुदात हिंदुस्थानचा सम्राट हे शब्द आहेत, १९४९पासून ते गेले. एरवी मी त्यावरच तासभर थांबलो असतो. त्या दोन्हींवर कडेजवळ बाहेर धावणाऱ्या बारीक रेघा आहेत. १९५१वर, काथ्याच्या रेघांच्या मधल्या जागेत, एकही नाही. सालाच्या खाली कडेचा एक तुकडा काथ्यापासून वाचला आहे, साधारण एक सेंटिमीटर. तिथे काटकोन शाबूत आहे. कडेच्या आतले दात एकेक सुटे. त्रिशूळ धरलेल्या हाताची बोटं वेगवेगळी मोजता येतात. मग ‘वन’मधला ‘ओ’. राख तिथपर्यंत पोहोचली नव्हती. तळाशी गडद तपकिरी, पण गुळगुळीत, चहाच्या रंगाच्या काचेसारखी. बल्ब हलवला तर त्याचा पिवळा ठिपका तिथे स्वच्छ गोल दिसला. नऊच्या गाठीत तसाच, बारीक. ‘पी’च्या पोटात तसाच. पहिल्या संध्याकाळी मला वाटलं मी मनाचं बघतोय, म्हणून नो-गो घेतली, तिच्या ‘ओ’त काहीच नाही. पुन्हा ही घेतली. दुसऱ्या दिवशी गच्चीत सकाळच्या उन्हात बघितली, तिसऱ्या दिवशी भाच्याला काही न सांगता बघायला दिली. “मामा, शून्याच्या आत आरसा आहे,” तो म्हणाला. तो ‘ओ’ला शून्य म्हणत होता.

कागदी पाकीट घेऊन त्यावर पेन्सिलीने लिहिलं : ‘पेनी, १९५१, प्रूफ, घासलेलं.’ टूलरूमच्या तपासणीत जे असेल ते लिहायचं असतं, म्हणून शेवटचा शब्द लिहिला. आई ८५ वर्षांची आहे, समोर बसली होती. तिने पाकीट हातात घेतलं, वाचलं, बराच वेळ धरून ठेवलं, आणि माझ्याकडून पेन्सिल मागितली. ‘घासलेलं’च्या खाली तिने तिच्या जुन्या गोल अक्षरात लिहिलं : ‘अण्णांनी लंडनहून आणलेलं.’